करोडगिरीच्या नाक्यावरची सायकल

आपल्या भागातल्या ऐंशी-नव्वदीच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर ‘करोडगिरी’ हा शब्द सहज उच्चारून पाहावा. आधी चेहऱ्यावर हसू येते आणि मग नकळत हात खिशाकडे जातो. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नाही. तिला तो कोट्यधीश होण्याच्या एखाद्या कार्यक्रमाचे नाव वाटेल. पण १९४८ पर्यंत, आणि नंतरही काही वर्षे, परभणीच्या बाजारात बाहेरून येणारी जवळपास प्रत्येक वस्तू या शब्दाच्या दारातून वाकून आत येत होती. करोडगिरी म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे सीमाशुल्क खाते.

शब्द मोठा जुना आहे. अकबराच्या अमदानीत, १५७४-७५च्या सुमारास, एक कोटी दाम महसूल गोळा करण्याची जबाबदारी ज्या अंमलदारावर असे त्याला ‘करोडी’ म्हणत. त्याच घराण्यातला हा शब्द. दख्खनेत येता येता त्याचा अर्थ बदलला आणि निजामाच्या राज्यात तो नाक्यावर येऊन बसला. शब्दांचेही माणसांसारखेच असते. बदली झाली की काम बदलते.

या खात्याचा इतिहास धान्य, कापूस, कापड, मीठ यांच्या हिशेबातून सांगता येईल. मी तो सायकलीच्या निमित्ताने सांगणार आहे. याचे एक कारण घरगुती आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादाअब्बा म्हणायचो, सायकलचे मिस्त्री होते. पण दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. कापूस आपल्या काळ्या मातीत पिकत होता, कापड आपले विणकर विणत होते. सायकल मात्र अख्खीच्या अख्खी समुद्रापलीकडून येत होती. चाकातला छर्रा, चैनीची कडी, घंटीची वाटी, सीटचे कातडे, सारे विलायती. त्यामुळे साता समुद्रापलीकडची वस्तू परभणीपर्यंत येताना किती दारांतून जाते आणि प्रत्येक दारात काय ठेवून येते, हे पाहायला सायकलीसारखी दुसरी चांगली साक्षीदार नाही.

मराठी मुलखातली सायकल-व्यापाराची सर्वांत प्रसिद्ध कथा बेळगावची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे नांगर, पंप आणि इंजिने यांनी जे नाव घराघरांत गेले, त्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये या सायकलच्या दुकानापासून मानली जाते. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिच्यातली एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. इंग्रज सरकारने १८८२ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या बहुतेक सगळ्या मालावरची आयात जकात काढून टाकली होती. लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड इकडे बिनअडथळा यावे, हा त्यामागचा मोठा हेतू. ही सूट १८९४ पर्यंत टिकली. म्हणजे किर्लोस्करांची पहिली सायकल मुंबईच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्यावर समुद्री जकात जवळपास नव्हतीच. बेळगावही इंग्रजी मुलखात. वाटेत दुसऱ्या राज्याचा नाका नाही.

आता तीच सायकल त्याच काळात परभणीला आणायची म्हटली तर? मुंबईला शुल्क नाही, पण निजामाच्या हद्दीत पाय ठेवताच शंभराला पाच रुपये. हा पाच टक्क्यांचा आकडा आला कुठून? तो आला १८०२ सालच्या व्यापारी तहातून. निजाम अली खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तो तह झाला आणि एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाच हा दर ठरला. त्या वेळी परभणीत रेल्वे नव्हती, जगात सायकल नव्हती. पण तहाच्या कागदावर बसलेला हा पाचाचा आकडा शंभराहून अधिक वर्षे हलला नाही.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे. कुठलेही सरकार परदेशी मालावर कर लावते ते दोन कारणांनी. एक तर तिजोरी भरण्यासाठी, नाही तर घरच्या कारागिराला आडोसा देण्यासाठी. पाच टक्क्यांत आडोसा होत नाही. पाच टक्क्यांनी महागलेल्या विलायती मालापुढे हैदराबाद संस्थानातला कोणता नवा कारखाना उभा राहणार? दर वाढवावा तर तह आडवा येतो. त्यामुळे करोडगिरीचा नाका असा झाला की, तो मालाला अडवत नव्हता आणि कारागिराला वाचवतही नव्हता. तो फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याकडून वसुली करत होता. भिंत असती तर तिच्या आड काही उगवले तरी असते. ही भिंत नव्हती, नुसती खिडकी होती आणि खिडकीत हात पुढे केलेला एक माणूस.

विसाव्या शतकाच्या तोंडावर आपल्याकडे रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ही मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. मुंबईहून मनमाडपर्यंतची रेल्वे रुंद रुळांची. त्यामुळे मुंबईहून निघालेली प्रत्येक पेटी मनमाडला उतरवायची, हमालांनी ती डोक्यावर घ्यायची आणि छोट्या गाडीच्या डब्यात चढवायची. सायकली तेव्हा पेट्यांतून सुट्या भागांत येत. चौकट, चाके, चिमटा, हँडल वेगवेगळे बांधलेले. जहाजावर जागा कमी लागावी म्हणून ही व्यवस्था. नगरसूल मागे पडून गाडी वैजापूर तालुक्यात शिरली की निजामाची हद्द. तिथून बीजक, रवन्ना, पावती, नाकेदार, मोजणी ही शब्दांची नवी दुनिया सुरू. कागद उर्दूत, नाणे हाली आणि साल फसली.

नाण्याचे प्रकरणही सायकलवाल्याला चांगलेच भोवत असे. इंग्रजी रुपयाला आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत आणि निजामाच्या रुपयाला ‘हाली’. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा सर्वसाधारण भाव. मुंबईचा व्यापारी माल देणार कलदारावर आणि परभणीचा गिऱ्हाईक पैसे मोजणार हालीत.

एक सोपा हिशेब करू. आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी. समजा, एका सायकलीची जहाजभाड्यासकट किंमत मुंबईच्या धक्क्यावर १०० कलदार झाली. समुद्री जकातीचे दर वेळोवेळी बदलत गेले. १८९४ मध्ये पुन्हा लागू झालेला सर्वसाधारण दर ५ टक्के होता, तो १९२२ मध्ये १५ टक्क्यांवर गेला आणि पुढे आणखी चढला. आपण हिशेबाला २० टक्के धरू. झाले १२०. मुंबईच्या व्यापाऱ्याचा नफा आणि रेल्वेभाडे मिळून १५ रुपये धरू. झाले १३५. आता करोडगिरी. पाच टक्के म्हणजे ६ रुपये १२ आणे. एकूण १४१ रुपये १२ आणे कलदार. हाली रुपयांत मोजायचे तर १६५ रुपये ६ आणे.

या हिशेबात एक बारीक गंमत आहे. निजामाचे पाच टक्के लागले ते १३५ वर. त्या १३५ मध्ये २० रुपये तर इंग्रज सरकारने घेतलेला करच होता. म्हणजे परभणीचा माणूस सायकलीवर कर देत होताच, शिवाय त्या करावरही कर देत होता. राजे दोन, खजिने दोन, पण खिसा एकच. आणि तो खिसा मुंबईच्या व्यापाऱ्याचा नव्हता, मनमाडच्या अडत्याचा नव्हता. प्रत्येकाने आपल्यावरचा भार पुढच्याच्या पाठीवर ठेवला. ज्याच्या पुढे कुणीच नाही, त्याच्या पाठीवर सगळे येऊन थांबले. मार्गाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचे अर्थशास्त्र ते हेच.

सायकल घेणारा हा माणूस कोण होता, तेही पाहिले पाहिजे. सुरुवातीला जमीनदार, वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार. मग हळूहळू शिक्षक, पोस्टमन, जिनिंगचे मुनीम, सेलू-मानवतच्या कापूसबाजारातले दलाल. ज्याला घोडा परवडत नाही आणि पायी चालणे पुरत नाही, अशा मधल्या माणसाचे हे वाहन. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस आणि बीएसए ही नावे दादाअब्बा एखाद्या उस्तादाचे नाव घ्यावे तशी घेत. बीएसएच्या सायकलीवर तीन बंदुकांची खूण असायची. कारण ती मुळात बंदुका बनवणारी कंपनी. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स हे तिचे पूर्ण नाव. दादाअब्बा म्हणायचे, “बंदूक बनानेवाले ने चाक बनाया, इसलिए सीधा चलता है.”

आपल्या जिल्ह्याला आणखी एक हद्द लागून होती. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुकेही होते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या बाजूला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. आता वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच. १९३६च्या करारानंतर युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही होता. पण कारभार इंग्रजांचा आणि बाजारही इंग्रजांचा. त्यामुळे स्वतःच्याच म्हणवल्या जाणाऱ्या प्रांतातून आलेल्या मालावर निजामाचे खाते कर घेई. नदीला हे काही ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढे झाले की लोक वाट्टेल तिथून पार होत.

या नदीकाठच्या गोष्टी आमच्या घरात फार रंगून सांगितल्या जात. वऱ्हाडात घेतलेली नवी कोरी सायकल अलीकडे आणताना लोक तिला म्हणे चिखल फासत. टायरवरचे रबराचे बारीक केस वीट घासून काढत. सीटवर जुनी टोपी चढवत. नाकेदार विचारी, “नई है क्या?” उत्तर ठरलेले, “कायकू नई, साब, बाप के जमाने की है.” सायकलस्वाराचे वय वीस आणि बापाचे चाळीस. नाकेदारही हसून सोडून देई किंवा हसून अडवी. ते त्या दिवशी त्याच्या खिशात काय पडले यावर असे. या गोष्टीत पदरचे किती आणि खरे किती, याची मी कधी चौकशी केली नाही. पण एवढे खरे की, जिथे नाका असतो तिथे आडवाट असते, आणि आडवाटेने जाणारा माणूस नेहमीच चोर नसतो. पुष्कळदा तो फक्त गरीब असतो.

मुंबईच्या दारातही या काळात फरक पडत होता. १९३२ मध्ये ओटावा येथे साम्राज्यातल्या देशांचा करार झाला. त्यानुसार ब्रिटिश मालाला आयात शुल्कात सवलत मिळाली. बहुतेक वस्तूंवर ती १० टक्के होती. स्वस्त जपानी माल तेव्हा मुंबईच्या बाजारात येऊन आदळत होता आणि त्यात सायकली व सुटे भागही होते. दादाअब्बांच्या पिढीतले मिस्त्री जपानी मालाला नाके मुरडत. पण गरीब गिऱ्हाईक तोच मागे. विलायती फ्रीव्हीलच्या जागी जपानी बसवायचे आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचे, ही सचोटी पाळणारा मिस्त्री टिकून राही. ओटावाच्या करारावर सही करणाऱ्यांना परभणीचे नावही माहीत नसेल; पण त्या सहीने परभणीच्या कुठल्या चाकात कुठल्या देशाचा छर्रा फिरेल, हे ठरत होते.

मग दुसरे महायुद्ध आले. विलायतेतले सायकलींचे कारखाने युद्धसामग्री करू लागले. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि रबराची टंचाई झाली. सायकलीचे टायर सोन्यासारखे जपायचे दिवस आले. फाटलेल्या टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा घालून तो शिवायचा, ट्यूबला ठिगळावर ठिगळ लावायचे, झिजलेल्या पायडलला लाकडाची गट्टी बसवायची. आपल्याकडच्या मिस्त्रींची खरी कारागिरी घडली ती या टंचाईत. जो भाग येतच नाही, तो घडवावा लागतो.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान बाहेर राहिले. करोडगिरीचा नाका त्या दिवसापासून नुसता कराचा नाका राहिला नाही. तो दोन देशांमधला दरवाजा झाला. मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या शिबिरांतून स्वातंत्र्यसैनिकांनी या नाक्यांवर हल्ले केले, नाके जाळले. नाका हे त्या राजवटीचे खेड्यातल्या माणसाला दिसणारे सर्वांत जवळचे तोंड होते, म्हणून राग आधी तिथे निघाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला तरी तणाव निवळला नाही. १९४८ मध्ये नाकेबंदी झाली आणि बाहेरचा माल येणे मुश्कील झाले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात आले. त्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत मराठवाड्यात दोन्ही बाजूंच्या साध्या माणसांवर जे गुदरले, तो फार जड विषय आहे. पाच-दहा वाक्यांत त्याला न्याय देता येणार नाही. सायकलीपुरते सांगायचे तर, दादाअब्बांचे दुकान काही दिवस बंद होते. उघडले तेव्हा पहिले गिऱ्हाईक कोण आले, एवढेच ते सांगायचे. शेजारच्या गल्लीतले एक मास्तर, पंक्चर काढायला.

हद्द पुसली म्हणजे नाका लगेच पुसला, असे झाले नाही. हा इतिहासातला मजेशीर तपशील आहे. २६ जानेवारी १९५० रोजी घटना लागू झाली. तिच्या ३०१व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त केला. पण पाच कलमे पुढे, ३०६व्या कलमात, हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालावर काही काळ कर चालू ठेवण्याची मुभा दिली. कारण साधे होते. एका रात्रीत हे उत्पन्न बंद केले असते तर राज्याचा गाडा चालला नसता. राज्यपुनर्रचना झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३०६वे कलम गाळले गेले. हाली रुपया तर १९५९ पर्यंत कागदोपत्री जिवंत होता. राजे जातात, त्यांचा नाका आणि त्यांचे नाणे थोडे मागे रेंगाळते.

आता खरे तर परभणीच्या माणसाला रॅले स्वस्त मिळायला हवी होती. मधले दार पडले होते. पण नेमके तेव्हाच बाहेरचे दार बंद व्हायला लागले. १९४७ मध्ये देशी सायकल उद्योगाला संरक्षण देण्यात आले. आयातीला परवाने आले आणि परदेशी सायकली दिसेनाशा होत गेल्या. दादाअब्बा त्याबद्दल कुरकुरत. त्यांना विलायती पोलादाची सवय. पण त्या बंद दाराआड काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सचा कारखाना आला, सोनिपतला ॲटलास आली, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले आली. १९५६ मध्ये लुधियानात हिरो सायकल्स सुरू झाली. फाळणीच्या सुमारास आताच्या पाकिस्तानातल्या कमालियाहून आलेल्या मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा व्यापार केला आणि त्यातून हा कारखाना उभा केला. १९८६ मध्ये गिनेस बुकाने या कंपनीची जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून नोंद घेतली.

या ‘हिरो’ नावाची एक हकिकत मुंजाल कुटुंबाच्या कहाणीत सांगितली जाते. करीम दीन नावाचे एक कारागीर सायकलींच्या सीट बनवत आणि ‘हिरो’ या नावाने विकत. फाळणीत ते पाकिस्तानात निघाले, तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरण्याची परवानगी मागितली आणि करीम दीन यांनी ती दिली. माणसे हद्दीपलीकडे गेली, नाव अलीकडे राहिले. आपल्याकडे खेड्यापाड्यांत लग्नात जावयाला दिलेल्या सायकलीच्या चौकटीवर हे नाव किती वर्षे चकाकत होते! त्यावर मात्र कुठल्याच नाक्याने कर घेतला नाही.

इथे करोडगिरी आणि १९४७ नंतरचे संरक्षण यांतला फरक लक्षात येतो. दोन्ही कर, दोन्हींनी गिऱ्हाईक नाडले. पण एकाने नुसता खजिना भरला आणि दुसऱ्याच्या आडोशाने लुधियानाच्या गल्लीगल्लीत छर्रे, चैनी, स्पोक, पायडल तयार होऊ लागले. संरक्षणाचेही दोष होते. स्पर्धा नाही म्हणून वर्षानुवर्षे तीच काळी, जड, चोवीस इंची सायकल आपण ओढत राहिलो. हेही खरेच की, कारखाने पंजाब, मद्रास, बंगालमध्ये गेले, मराठवाड्याच्या वाट्याला पंक्चरचे दुकान आणि ताशी भाड्याची सायकल टॅक्सी आली. करोडगिरीच्या दिवसांत इथे कारखानदारीची मुळे रुजली नव्हती. नंतरच्या आडोशात वाढायला रोपच नव्हते.

आणि परभणीत लुधियानाचा माल आला तेव्हा दारात कुणी नव्हते असे समजू नका. तिथे नगरपालिकेचा जकात नाका होता. माझ्या तरुणपणी मी तो पाहिला आहे. आडवा बांबू, पत्र्याची टपरी, पेटत्या विडीच्या उजेडात बिल्टी वाचणारा कारकून. या ‘जकात’ शब्दाने मला लहानपणी फार गोंधळात टाकले होते. आमच्या घरात जकात म्हणजे वर्षाकाठी आपल्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा, तो धर्म. घरातली जकात श्रीमंताकडून गरिबाकडे जाते. नाक्यावरची जकात शेवटी गरिबाच्या पिशवीतून निघते. एकच अरबी शब्द मराठीत आला आणि त्याने दिशा बदलली. मी पुढे कविता लिहू लागलो, तेव्हा शब्दांकडे जरा संशयाने पाहण्याची सवय मला बहुधा या नाक्याने लावली.

नगरपालिकांची ही जकात महाराष्ट्र सरकारने १९९९ मध्ये बंद केली. महानगरपालिकांत ती राहिली. २०११ मध्ये परभणीची महानगरपालिका झाली तोवर जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, येऊ लागला होता. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. देशातले आतले नाके उठले. ही मोठी गोष्ट आहे. १८०२च्या तहापासून मोजले तर दोनशे पंधरा वर्षे लागली.

समुद्राचे दार मात्र आहेच. २०२३च्या अर्थसंकल्पात तयार सायकलींवरचे मूळ आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के केले गेले. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आता आपल्याकडेही गिअरच्या सायकली आल्या आहेत. पहाटे वसमत रस्त्याला हेल्मेट घालून निघालेली मंडळी दिसतात. त्यांतल्या ओळखीच्या एका तरुणाने परदेशातून गिअरचा एक लहानसा भाग मागवला. मुठीत मावेल एवढा. तो मला बिल दाखवत होता. वस्तूची किंमत, त्यात विमानभाडे आणि विमा. या बेरजेवर आयात शुल्क, त्यावर अधिभार, मग या साऱ्यावर जीएसटी, वर कुरिअरवाल्याची फी. तो म्हणाला, “सर, कराच्या रकमेवरही कर लावलाय बघा.” मी म्हणालो, “बाबा, माझ्या आजोबांची तक्रारही हीच होती.” फरक एवढाच की, आज हे सगळे कागदावर दिसते, दर कायद्याने ठरतो, तो विचारता येतो आणि त्याच्यासाठी सरकारला जाब द्यावा लागतो. दादाअब्बांना नाकेदाराच्या मर्जीवर राहावे लागे.

शेवटी एक विनंती. करोडगिरीच्या पावत्या, रवन्ने, जुनी बीजके, सायकलीचे पितळी बिल्ले आपल्या भागातल्या कितीतरी घरांत माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. व्यापाऱ्यांच्या चोपड्या मोडीत, सरकारी कागद उर्दूत. नातवंडांना दोन्ही लिप्या येत नाहीत. म्हणून दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत हे कागद रद्दीत जातात. परभणीच्या माणसाने कुणाला, कधी, किती दिले याची साक्ष फक्त त्या कागदांत आहे. मोठमोठ्या राजांचे तह कुठे ना कुठे छापलेले सापडतात. सायकल घेणाऱ्या मास्तरांची पावती पुन्हा सापडणार नाही. असा कागद दिसला तर फेकू नका. गावात उर्दू वाचणारा कुणी असेल, मोडी वाचणारा कुणी असेल, त्याच्याकडून तो वाचून घ्या, शेजारी मराठीत उतरवून ठेवा आणि जवळच्या वाचनालयात द्या. वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)